डॉलर बुडणार, सोनंच तारणार म्हणणाऱ्यांचं किती ऐकायचं? बाबा एफडी मोडायला निघालेत

खामल्याची लेक:
नमस्कार. माझे बाबा ७१ वर्षांचे. आई गेल्यापासून दुपारची जेवणं झाली की मोबाईलवर पीटर शिफ या अमेरिकी गुंतवणूकदारासारख्यांची भाकितं ऐकत बसतात. परवा म्हणाले, "बेटा, बारा लाखांची एफडी मोड आणि इतवारीतल्या सराफाकडून सोनं घेऊन ये." त्याच एफडीच्या व्याजावर त्यांची औषधं आणि लाइटबिल भागतं. पण २०२५ च्या एप्रिलमध्ये दहा ग्रॅमला लाख झाले, ऑक्टोबरात औंसाला (सुमारे ३१ ग्रॅमला) ४,००० डॉलर. आता त्यांना चूक तरी कसं म्हणू? घाबरले आहे, खरं सांगा.

महालचा वहीवाला:
ताई, मी २००८ पासून एक दोनशेपानी वही ठेवली आहे. कोण बोललं, कोणत्या तारखेला, किती भाव सांगितला आणि कधीपर्यंत, असे चार रकाने. चौथा रकाना बहुतेक पानांवर कोरा आहे. ज्याला मुदतच नाही ते भाकीत चुकणार तरी कसं?

शिफ यांनी अमेरिकेतल्या घरांच्या बाजाराचा धोका २००६-०७ मध्येच सांगितला होता, ते श्रेय त्यांचंच. पण बाजार खरोखर कोसळला तेव्हा डॉलर उलट वधारला, आणि मार्च २००८ मध्ये औंसाला हजार डॉलरवर गेलेलं सोनं ऑक्टोबरात सातशेच्या आसपास आलं. नंतर चढलं, हेही खरं. पण मधले महिने ज्याला पैसा लागला त्याचं काय?

डॉलरमधला भाव बघा. जानेवारी १९८० मध्ये ८५०, १९९९ मध्ये अडीचशेच्या जवळ. सप्टेंबर २०११ मध्ये १,९००, डिसेंबर २०१५ मध्ये १,०५०. भाकितं मात्र याही काळात तीच चालू होती. शिवाय शिफ यांचा स्वतःचा सोनं विकण्याचा व्यवसाय आहे. म्हणून ते खोटं बोलतात असं नाही, पण ऐकताना हे ध्यानात असावं.

बाबांना एक गोष्ट नक्की समजावा. २०११ ते २०१५ मध्ये डॉलरमधलं सोनं जवळपास ४५ टक्के पडलं. आपल्याकडचा भाव मुख्यतः डॉलरमधला भाव रुपयांत बदलून ठरतो. त्यामुळे इथं तेवढा फटका बसला नाही, कारण डॉलर ४६-४७ रुपयांवरून ६६ वर गेला होता. म्हणजे आपल्याला वाचवलं ते रुपयाच्या घसरणीनं. उद्या शिफ यांचं भाकीत खरं ठरून रुपयासमोर डॉलर आपटला, तर सोन्याची डॉलरमधली तेजी आपल्या हाती तेवढीच कमी पडेल.

मी सोन्याच्या विरोधात नाही. नोव्हेंबर २०१५ चे पहिले सुवर्ण रोखे (सोन्याच्या भावाशी बांधलेले सरकारी रोखे) २,६८४ रुपये ग्रॅमने घेतले, २०२३ मध्ये ६,१३२ ने परत मिळाले, वर व्याज वेगळं. पण आठ वर्षं त्या पैशाकडे बघायची गरज पडली नाही म्हणून हे जमलं. औषधाचा पैसा त्यात असता तर मी केव्हाच विकून मोकळा झालो असतो.

इतवारीतला कारागीर:
ताई, घ्यायचंच असेल तर दागिना नका घेऊ जी. घडणावळ गेली ती गेलीच, वर तीन टक्के जीएसटी. मागच्या आठवड्यात एक आजी पाटल्या मोडायला घेऊन आल्या. आत लाखेची भर होती. ती काढून तराजूवर ठेवल्या तेव्हा काटा जिथं थांबला तिकडे त्या बघतच राहिल्या. चोख सोन्याचं वेढणं किंवा नाणं घ्या, हॉलमार्क बघा, पक्की पावती जपून ठेवा. आणि एकदम बारा लाखांचं तर मुळीच नका घेऊ. घरात ठेवाल तर झोप उडेल, लॉकरला भाडं.

खामल्याची लेक:
सगळ्यांचे आभार. रात्री बाबांच्या शेजारी बसून रुपया-डॉलरचा हिशेब कागदावर मांडला. बराच वेळ बोलले नाहीत, मग चष्मा पुसून म्हणाले, "हे तर तो माणूस सांगतच नाही." एफडी राहू द्यायचं ठरलं आहे. दसऱ्याला व्याजातून दोन ग्रॅमचं नाणं घेऊ. सकाळी त्यांनीच आईच्या हिशेबाची जुनी वही काढली आणि मागच्या पानावर चार रकाने आखले. चौथ्यात त्या व्हिडिओवाल्याच्या वतीनं स्वतःच लिहिलं, "दिवाळी २०२७".