‘ऋण चढ’ : नेमकं काय चढतं?

खडूची भुकटी

भाची दहावीला आहे, मराठी माध्यम. निर्देशक भूमितीत ‘रेषेचा चढ’ आलाय. सूत्र (दोन बिंदूंच्या य मधला फरक भागिले क्ष मधला फरक) पाठ आहे, गणितं सुटतात. तरी काल पेन खाली ठेवून म्हणाली, “मामा, चढ आहे तर ऋण कसा? आणि ऋण असेल तर सरळ उतार का नाही म्हणत?”

मी म्हटलं, गणितात असंच म्हणतात. असलं उत्तर मला माझ्या मास्तरांनी दिलं असतं तर मी चिडलो असतो. आई शेजारी तांदूळ निवडत बसली होती, ती म्हणाली, “ऋण चढतंच की. तुझ्या पणजोबांच्या डोक्यावर कसं चढलं होतं, मला माहितीये.”

हसू आलं, पण मग लक्षात आलं की मराठी कानाला ‘ऋण चढ’ खरंच तसा ऐकू येतो. तर, इंग्रजीतल्या ‘स्लोप’साठी आपण ‘चढ’च का घेतला? उतार, ढाळ, कल हे शब्द असताना? या धड्यांतले बाकीचे शब्दही कुणाला खटकत असतील तर तेही इथेच येऊ द्या.

घाटवाट

आधी चढाच्या भाऊबंदांकडे बघू. ‘चढ’ लागतो आणि संपतो, ‘चढण’ अंगावर येते, ‘चढाव’ जरा पुस्तकी. डोंगरात आम्ही ‘छातीवरचा चढ’ म्हणतो तेव्हा आकडा सांगत नसतो, दम सांगत असतो. गणितातल्या चढाला मात्र आकडा लागतो, आणि तिथेच तो बोलीपासून सुटतो.

आकडेवाला चढ बघायचा तर रेल्वेचा बघा. कर्जत ते लोणावळा, बोरघाटात, सर्वांत कडक चढ सदतीसात एक. ३७ मीटर पुढे गेल्यावर १ मीटर वर. कसारा-इगतपुरीच्या थळघाटातही तोच. त्यासाठी गाडीला मागून बँकर इंजिनं लावतात. आता तेच रूळ, पण लोणावळ्याहून निघालात की उतार. मग रुळाचा चढ धन की ऋण? भाचीचा प्रश्न अगदी रास्त आहे.

ओळंबा

बांधकामाच्या साइटवर वीस वर्षं काढली, ‘चढ’ शब्द फक्त रॅम्पसाठी ऐकला (चाकाच्या खुर्चीसाठी बारास एक). बाकी सगळीकडे ‘ढाळ’. “मोरीला ढाळ दिला नाय, पाणी तुंबणार.” ड्रेनेजच्या पाइपाला मिस्त्री सांगतो, “फुटाला पाव इंच ढाळ ठेव.” करा हिशोब : बारा इंचांना पाव इंच, म्हणजे अठ्ठेचाळिसात एक. ज्या घाटात आगगाडीला मागून इंजिनं लावावी लागतात तो सदतीसात एक! आमच्या सांडपाण्याच्या पाइपापेक्षा थोडाच जास्त. चढ डोळ्यांनी मोजायचा नसतो तो यासाठी.

‘ढाळ’ हा शब्द मला कधीही जास्त आवडेल. तो ऐकला की माणसाला आकडा विचारावासा वाटतो.

तिसरा बाक

@ओळंबा, पण गावाकडे ‘ढाळ लागले’ म्हणजे काय, ते विसरलात वाटतं. “रेषेचे ढाळ काढा” असं फळ्यावर लिहिल्यावर वर्ग आवरणार कोण?

ओळंबा

मान्य. ढाळ बाद.

भुजकोटी

‘कल’ही बाद करा, तो झुकाव दाखवतो पण आकडा अंगाला लावून घेत नाही, निवडणुकीच्या दिवशी टीव्हीवर येतात ते कल. ‘उतार’ तर तापालाही पडतो.

‘चढ’ टिकला, कारण आलेख डावीकडून उजवीकडे वाचायची सवय आहे. उजवीकडे जाताना रेषा वर गेली तर चढ धन, खाली आली तर ऋण. भाचीला एवढं सांगा, पुरेल.

खडूची भुकटी

तेच सांगितलं. तिने लगेच क्ष + य = ६ ची रेषा काढली, (१, ५) आणि (५, १) हे बिंदू घेतले आणि सूत्र उलट्या क्रमाने वापरलं, उजवीकडून डावीकडे. उत्तर पुन्हा −१. म्हणाली, “मी उलटी चालले तरी उतारच येतोय. घाटात असं होत नाही.”

चौकडीची वही

हुशार आहे मुलगी. भुजकोटी, तुमचं उत्तर चूक नाही, पण अर्धं आहे.

(१ − ५) भागिले (५ − १), म्हणजे −४ भागिले ४, उत्तर −१. बिंदूंचा क्रम उलटा केला तर (५ − १) भागिले (१ − ५), म्हणजे ४ भागिले −४, पुन्हा −१. दोन्ही वजाबाक्यांची चिन्हं एकदम बदलतात, भागाकार तिथेच राहतो. म्हणजे सूत्रात चालणारा माणूसच नाही! ‘चढ’ हा शब्द मात्र येताना आपल्याबरोबर एक वाटसरू घेऊन येतो, त्याला तोंड असतं, पाठ असते, त्याची दिशा बदलली की चढाचा उतार होतो. घोटाळा त्या वाटसरूने केलाय.

मी शिकवताना आधी ‘चढ’ म्हणतच नाही, ‘दर’ म्हणते. क्ष एकाने वाढला की य कितीने वाढतो? हजार लिटरची टाकी मिनिटाला २५ लिटरने रिकामी होतेय : य = १००० − २५क्ष. इथे दर −२५. टाकी भरणं-रिकामं होणं मुलांना घरचं असतं, ऋण दराचं कुणालाच काही वाटत नाही. मग आलेख काढायचा, आणि त्या −२५ चं चित्र म्हणजे चढ, हे शेवटी सांगायचं. दर हिशोबात असतो, चढ कागदावर.

आणि हो, आलेखाला दोन बिंदू पुरतात हे खरं, पण मी तिसरा घ्यायलाच लावते. दोन बिंदूंतून रेषा जाणारच, चुकलेल्या बिंदूंतूनही जाते. तिसरा साक्षीदार.

तिसरा बाक

दराचा विषय निघालाय तर रिक्षा आलीच. आमच्या क्लासात “य-अक्षावर रेषा कुठे छेदते, तर किमान भाड्यापाशी” असं शिकवलेलं. मुंबईत १ फेब्रुवारी २०२५ पासून पहिल्या दीड किलोमीटरला २६ रुपये, पुढे किलोमीटरला १७.१४. म्हणजे य = १७.१४क्ष + २६. बरोबर ना?

चौकडीची वही

नाही! अर्ध्या वर्गाची ही चूक असते. ते २६ रुपये रिक्षात पाय ठेवण्याचे नाहीत, त्यात दीड किलोमीटर आहे. दीडच्या पुढे
य = २६ + १७.१४(क्ष − १.५)
कंस सोडवा : १७.१४ × १.५ = २५.७१. म्हणून
य = १७.१४क्ष + ०.२९.

ही रेषा मागे वाढवली तर य-अक्षाला २९ पैशांवर छेदते. जवळजवळ आरंभबिंदूतूनच जाते म्हणा ना. किमान भाडं म्हणजे वेगळी आकारणी नाहीच, दीड किलोमीटरचा दर वरच्या रुपयात पूर्ण केलेला. आणि शून्य ते दीडपर्यंतचा तुकडा आडवा, चढ शून्य. तेव्हा रिक्षाचा आलेख एक रेषा नाही, आधी सपाटी मग चढ. (मीटर रुपयात उड्या मारतो ते आणखी वेगळं, त्याच्या पायऱ्या होतील.)

भुजकोटी

वाटसरूचा मुद्दा मान्य, माझं उत्तर मागे घेतो.

आता ‘छेदते’ वरून. या ‘कुठे छेदते’साठी हिंदीत अंतःखंड आहे. आपल्याकडे दहावीत चढ येतो, पण य = मक्ष + क (म हा चढ, क म्हणजे रेषा य-अक्षाला छेदते ती जागा) हे रूप भेटतं अकरावीत, आणि तोवर विज्ञान शाखेची मुलं इंग्रजीत गेलेली असतात. शब्द रुळायला तोंड लागतं, ते मिळालंच नाही. ‘छेद’ म्हणावं तर तो प्राथमिक शाळेपासून अपूर्णांकाच्या खाली बसलाय.

आणि माझ्या नावातली ‘कोटी’! भास्कराचार्यांच्या लीलावतीत काटकोन त्रिकोणाच्या बाजू भुज, कोटी आणि कर्ण. कोटी म्हणजे मुळात धनुष्याचं टोक. त्यावरून आडव्या-उभ्या अंतरांना भुज-कोटी म्हणायची पद्धत आली. आता नववीत ‘बहुपदीची कोटी’ म्हणजे चलाचा सर्वांत मोठा घातांक, बाजारात कोटी म्हणजे शंभर लाख, आणि मित्रांत कोटी केली की लोक कपाळाला हात लावतात.

घाटवाट

य = मक्ष + क मधला ‘म’ हा इंग्रजी एमचा ना? तो म्हणे फ्रेंचमधल्या ‘चढणे’ या क्रियापदावरून, ‘माँते’. म्हणजे त्यांच्याकडेही चढच!

भुजकोटी

गोष्ट गोड आहे, पण आधार नाही. फ्रेंच गणिती देकार्तने १६३७ मध्ये भूमितीला बीजगणित जोडलं, अज्ञातांना रोमन वर्णमालेतली शेवटची अक्षरंही त्यानेच दिली, पण चढासाठी एम त्याने वापरलेला नाही. ते अक्षर १७५७ मध्ये इटलीच्या रिकाती या गणितीकडे दिसतं, १८४४ मध्ये इंग्रजीत ओब्रायनच्या पुस्तकात. का निवडलं, दोघांनी सांगितलेलं नाही. स्वीडनच्या शाळांत तर चढाला ‘के’ म्हणतात, आणि एम हा य-अक्षावरच्या छेदाला! तिथे एम चढत नाही, जागेवर बसतो.

तिसरा बाक

तुम्ही सगळे क्ष-य लिहिताय, आमच्या पुस्तकात एक्स-वाय आहेत. ‘मक्ष’ वाचून मला मक्षिका आठवली.

भुजकोटी

जुन्या मराठी बीजगणितात क्ष, य सर्रास. पुस्तकांतून गेले, पण क्ष-किरणात आणि ‘क्ष व्यक्तीने’ मध्ये ‘क्ष’ टिकून आहे.

त्याहून जुनी पद्धत ऐकाल तर गंमत वाटेल. भास्कराचार्यांच्या बीजगणितात पहिला अज्ञात ‘यावत्तावत्’, म्हणजे जेवढं असेल तेवढं. एकाहून जास्त असतील तर रंग : कालक, नीलक, पीतक. लिहिताना नुसतं या, का, नी, पी. आणि ज्ञात संख्येला ‘रू’, रूप. आपला दुसरा अज्ञात ‘य’ आहे, त्यांचा पहिला ‘या’ होता. आपला वायच्या उच्चारावरून आला, एवढंच. धन आणि ऋण तर ब्रह्मगुप्तापासूनचे, इ.स. ६२८. धन म्हणजे मालमत्ता, ऋण म्हणजे कर्ज. त्यामुळे खडूच्या आईंचा अर्थ हा चुकीचा अर्थ नव्हेच. तो मूळ अर्थ आहे.

खडूची भुकटी

हे आईला वाचून दाखवलं. “मग?” एवढंच म्हणाली, पण खूश आहे.

अजून एक. भाची ‘एकसामयिक समीकरणे’ला गेले वर्षभर ‘एकसामाईक’ म्हणतेय. दुरुस्त करू का?

चौकडीची वही

परीक्षेत लिहिण्यापुरतं करा. पण अर्थाने तीच बरोबर आहे! ‘एकसामयिक’ हा इंग्रजीवरून बेतलेला शब्द, एकाच समयी खरी असणारी समीकरणं. (हिंदीत युगपत्, तेही काळाचंच.) आता क्ष + य = ६ आणि क्ष − य = २ घ्या. दोन रेषा, (४, २) मध्ये छेदतात. तो बिंदू दोघींच्या मालकीचा, सामाईक भिंतीसारखा. इथे वेळेचा काय संबंध? दोन्ही रेषांचा चढ सारखा आणि रेषा वेगळ्या, तर सामाईक काहीच नाही. एकीवर दुसरी बसली तर सातबाराच सामाईक.

घाटवाट

पेपरात ‘सत्तेची समीकरणं’ रोज जुळतात-बिघडतात आणि प्रत्येकाच्या कारकिर्दीचा ‘चढता आलेख’ असतो, त्यावरही कुणीतरी बोला. ऋण चढाचा आलेख मी वर्तमानपत्रात आजवर वाचलेला नाही.

खडूची भुकटी

रात्री टाकीचं उदाहरण दिलं. भाचीने य-अक्षावर १००० पासून रेषा उतरवली, क्ष-अक्षावर कुठे टेकते ते सांगितलं (४० मिनिटं), आणि ‘चढ = −२५’ असं काहीही न कुरकुरता लिहिलं. मग क्ष = ३ ची रेषा काढली, सरळ उभी. सूत्रात घातलं तर खाली शून्य येतो. “हिचा दर किती?”

चौकडीची वही

दरच नाही. क्ष तीनवरून हललाच नाही, तर तो एकाने वाढल्यावर काय होतं हे कुणाला विचारणार? चढ शून्य लिहू देऊ नका, शून्य आडव्या रेषेचा. उभ्या रेषेचा चढ ठरवता येत नाही, असंच लिहायचं.

ओळंबा

आमच्याकडेही तिथे ढाळ मोजत नाहीत. ओळंबा सोडतात.