माहितीपट, अनुबोधपट, लघुपट : कोणता शब्द कुठे वापरावा?

प्रश्न

इतिहास, विज्ञान आणि सामाजिक बदल या विषयांवरील चित्रपटांचा व दूरचित्रवाणी कार्यक्रमांचा परिचय मराठीत लिहिताना मी एका शब्दापाशी वारंवार अडतो. डॉक्युमेंटरीसाठी कोणी 'माहितीपट' लिहितात, कोणी 'अनुबोधपट' लिहितात, बातम्यांत पुष्कळदा 'लघुपट' असते आणि हिंदीतून आलेले 'वृत्तचित्र'ही अधूनमधून दिसते. हे शब्द समानार्थी मानावेत का? नसतील, तर कोणता शब्द कुठे वापरावा, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

उत्तर

हे शब्द समानार्थी नाहीत, आणि त्यांची सरमिसळ झाल्याने वाचकाची खरोखर दिशाभूल होते.

'लघुपट' हा शब्द केवळ लांबी सांगतो. त्यातले कथानक काल्पनिक आहे की वास्तव, याविषयी तो काहीच बोलत नाही. ऑस्करच्या नियमांत श्रेयनामावलीसह 40 मिनिटांपर्यंतची कलाकृती लघुपटात मोडते, आणि तिथे काल्पनिक लघुपट आणि माहितीपर लघुपट यांचे पुरस्कार वेगवेगळे आहेत. नाझी छळछावण्यांवरील आलँ रेनेचा 'नाइट अँड फॉग' सुमारे 32 मिनिटांचा आहे, म्हणून तो लघुपटही आहे आणि माहितीपटही. त्याच काळातल्या ज्यूंच्या संहाराविषयीचा क्लोद लान्झमानचा 'शोआ' (1985) मात्र नऊ तासांहून अधिक लांबीचा आहे. त्याला लघुपट कसे म्हणणार? तेव्हा प्रकार सांगायचा असेल तिथे लघुपट हा शब्द वापरू नये. दोन्ही गोष्टी सांगायच्या असतील तर 'लघू माहितीपट' असे सरळ लिहावे.

'वृत्तचित्र' हिंदीत रुळलेला आणि तिथे योग्यच असलेला शब्द आहे. मराठी कानाला मात्र 'वृत्त' म्हटले की आधी बातमी आठवते. वृत्तपत्र, वृत्तनिवेदक, वृत्तसंस्था हे सगळे त्याच घरातले शब्द. त्यामुळे वृत्तचित्र म्हटल्यावर मराठी वाचकाच्या मनात न्यूजरील, म्हणजे चित्रित बातमी, उभी राहते, आणि तिच्यासाठी आपल्याकडे 'वार्तापट' हा शब्द आहेच. रँग्लर परांजपे केंब्रिजहून परतले तेव्हा 1901 मध्ये सावे दादांनी, म्हणजे हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकरांनी, त्यांच्या स्वागताचे जे चित्रीकरण केले, त्याला वार्तापट म्हणणे योग्य आहे. घडलेला प्रसंग समोर ठेवणे एवढेच त्याचे काम होते. माहितीपट त्या प्रसंगामागची कारणे शोधतो, पुरावे जुळवतो आणि काही एक म्हणणे मांडतो.

खरी चर्चा 'माहितीपट' आणि 'अनुबोधपट' या दोन शब्दांची आहे. त्यासाठी मूळ शब्दाकडे थोडे मागे जावे लागते. फ्रेंच भाषेत प्रवासपटांना 'दोक्युमांतेर' म्हणण्याची पद्धत आधीपासून होती. इंग्रजीत या शब्दाला चित्रपटाच्या संदर्भात वजन आले ते जॉन ग्रिअर्सन यांच्यामुळे. फेब्रुवारी 1926 मध्ये रॉबर्ट फ्लाहर्टी यांच्या 'मोआना' या चित्रपटाचे परीक्षण न्यूयॉर्कच्या एका वृत्तपत्रात लिहिताना त्यांनी त्या चित्रपटाच्या दस्तऐवजी, म्हणजे 'डॉक्युमेंटरी', मूल्याचा उल्लेख केला. या शब्दाच्या मुळाशी लॅटिनमधला 'डोकेरे', म्हणजे शिकवणे, हा धातू आहे, आणि त्यापासून झालेल्या 'डोकुमेंटुम' या नामाचे धडा, उदाहरण आणि पुरावा असे अर्थ होतात. शिकवण आणि पुरावा या दोन्ही गोष्टी एकाच शब्दात नांदत होत्या. आपल्या भाषांनी पर्याय घडवताना कोणी त्यातली एक बाजू उचलली, कोणी दुसरी.

'अनुबोधपट' शिकवण्याची बाजू उचलतो. जुन्या पिढीच्या लेखनात तो अधिक आढळतो. 1948 मध्ये केंद्र सरकारच्या फिल्म्स डिव्हिजनची स्थापना झाल्यानंतर चित्रपटगृहांत मुख्य चित्रपटापूर्वी शेती, आरोग्य, धरणे, बचत अशा विषयांवरील पट दाखवले जात. प्रेक्षकाला काही तरी उमजावे हाच त्यांचा हेतू होता, आणि त्या हेतूला हा शब्द शोभून दिसत होता. संस्कृत कोशांत 'अनुबोध' या शब्दाचे दोन अर्थ सापडतात. एक, नंतर होणारा बोध किंवा स्मरण. आणि दुसरा, विरलेल्या सुगंधाला पुन्हा जाग आणणे. इतिहासावरील उत्तम पटाचे याहून नेमके वर्णन मला तरी सुचत नाही. तरीही आज हा शब्द सरसकट वापरावा असे मी म्हणणार नाही, कारण बोलण्यातून तो जवळपास गेला आहे आणि त्यात उपदेशाचा स्वर ऐकू येतो. ज्या पटाचा उद्देश उघडपणे शैक्षणिक आहे, त्याच्यासाठी तो राखून ठेवावा. दादासाहेब फाळके यांनी 'राजा हरिश्चंद्र'च्या (1913) आधी कुंडीत रुजणाऱ्या वाटाण्याच्या रोपाचे टप्प्याटप्प्याने चित्रण करून 'अंकुराची वाढ' तयार केला होता. डोळ्यांना जाणवणार नाही इतकी मंद वाढ त्यांनी काही क्षणांत दाखवली. त्याला मी आनंदाने अनुबोधपट म्हणेन.

सर्वसाधारण वापरासाठी 'माहितीपट' हाच शब्द घ्यावा.

पुन्हा प्रश्न

आपल्या सविस्तर उत्तराबद्दल आभार. एक शंका उरते. 'माहिती' हा शब्द मला अपुरा वाटतो. माहिती तर दूरध्वनी निर्देशिकेतही असते. आपण ज्या 'शोआ'चा उल्लेख केलात, तो पाहून प्रेक्षक माहिती घेऊन उठतो, असे म्हणता येईल का? आणि शेजारच्या भाषांनी यासाठी काय केले आहे?

उत्तर

शंका रास्त आहे. शेजारच्या भाषांनी काय केले ते पाहिले, तर मूळ शब्दाचे पैलू किती आहेत हे लक्षात येते. गुजरातीत 'दस्तावेजी' चित्रपट म्हणतात आणि तमिळमध्ये 'आवणप्पडम्'. दोन्हींत कागदपत्राचा, दस्तऐवजाचा अर्थ आहे. बंगालीत 'तथ्यचित्र' म्हणतात. कन्नडमधला 'साक्ष्यचित्र' हा शब्द मला या सर्वांत अधिक अर्थगर्भ वाटतो, कारण त्यात पुरावा आहे आणि साक्ष देणारा माणूसही आहे. 'शोआ'मध्ये लान्झमान यांनी जुन्या काळातले एकही चित्रण वापरलेले नाही. वाचलेली माणसे, आसपास राहणारे साक्षीदार आणि खुद्द गुन्ह्यात सहभागी असलेले लोक यांच्या जबान्यांवर आणि त्या जागांच्या चित्रीकरणाच्या वेळच्या रूपावर तो सगळा उभा आहे. 'साक्ष्यचित्र' हा शब्द जणू त्याच्याचसाठी घडवला असावा.

मग मराठीने तो घ्यावा का? समीक्षेत, अशा जबानीप्रधान कृतीचे वर्णन करताना, 'साक्षीपट' किंवा 'साक्ष्यचित्र' असा विशेष शब्द जरूर वापरावा. परंतु रुळलेला सर्वसाधारण शब्द बदलू नये, असे माझे ठाम मत आहे. त्याचे कारण केवळ सवय हे नाही. 'माहिती' या शब्दात प्रेक्षकाला दिलेले एक वचन आहे: जे दाखवले जाते आहे ते खरे आहे. ते वचन मोडले, तर 'माहितीपट' हे नावच आक्षेप घ्यायला पुरेसे ठरते. 1958 च्या 'व्हाइट वाइल्डरनेस' या चित्रपटात लेमिंग नावाचे छोटे प्राणी कळपाने कड्यावरून उड्या घेऊन मरतात, असे दाखवले होते. पुढे उघड झाले, की ते प्राणी जिथे चित्रीकरण झाले त्या भागातले नव्हतेच. ते तिथे आणले गेले होते आणि कड्यापर्यंत ढकलले गेले होते. या चित्रपटाला माहितीपटाचे ऑस्कर मिळाले होते, आणि लेमिंग सामूहिक आत्महत्या करतात ही चुकीची समजूत पक्की होण्यात त्याचा मोठा वाटा आहे. अशा वेळी 'यातली माहितीच खोटी आहे' हे वाक्य जितके थेट लागते, तितके दुसरे कोणतेही लागत नाही.

आणखी एका वाचकाचा प्रश्न

पण मग दृश्ये मुद्दाम घडवून चित्रित केली, की तो माहितीपट राहत नाही, असे समजायचे का? ऐतिहासिक कार्यक्रमांत तर लढाया, दरबार, प्रयोगशाळा असे सर्रास पुन्हा उभे केलेले असते.

उत्तर

नाही, तसे समजू नये. घडवलेले दृश्य हे घडवलेले आहे, एवढे प्रेक्षकाला कळणे महत्त्वाचे. फ्लाहर्टींच्या 'नानूक ऑफ द नॉर्थ'मध्ये (1922) नायकाचे खरे नाव अल्लाकारियाल्लाक होते. बंदुकीची ओळख असलेल्या त्या लोकांना भाल्यांनी शिकार करताना दाखवले गेले, आणि आतल्या चित्रणाला उजेड मिळावा म्हणून बर्फाचे घर एका बाजूने उघडे बांधले गेले. यातले काहीही प्रेक्षकाला सांगितले नव्हते. याउलट एरॉल मॉरिस यांच्या 'द थिन ब्लू लाइन'मध्ये (1988) एका पोलिसाच्या खुनाचे दृश्य पुन्हा पुन्हा उभे केलेले आहे, आणि दर वेळी ते एखाद्या निराळ्या जबानीनुसार थोडे बदलते. ते दृश्य खरे आहे असा त्याचा दावाच नाही. प्रत्येक जबानी किती विश्वासार्ह आहे हे प्रेक्षकाने ताडून पाहावे, यासाठी ते आहे. त्या प्रकरणात शिक्षा भोगत असलेले रँडल अ‍ॅडम्स 1989 मध्ये तुरुंगाबाहेर आले.

या फरकासाठी मराठी पत्रकारितेने दोन उत्तम शब्द घडवून ठेवले आहेत, आणि माहितीपटांवर लिहिणाऱ्यांनी ते अवश्य उचलावेत. वर्तमानपत्रात जुन्या छायाचित्राखाली 'संग्रहित' लिहितात, आणि त्या घटनेचे नसलेले पण तिचा विषय सुचवणारे छायाचित्र असेल तर 'प्रातिनिधिक'. संग्रहित चित्रण हा पुरावा असू शकतो, प्रातिनिधिक चित्रण नसतो. 1942 च्या आंदोलनावर बोलताना पडद्यावर भलत्याच वर्षीचा मोर्चा दाखवला, तर तो प्रातिनिधिक आहे हे तिथल्या तिथे सांगायला हवे. नटांकडून करवून घेतलेल्या प्रसंगासाठी 'नाट्यरूपांतर' हा शब्द हल्ली पडद्यावर दिसतो, पण तो मला पटत नाही, कारण मराठीत नाट्यरूपांतर म्हणजे कथा-कादंबरीचे नाटक करणे. त्याऐवजी 'पुनर्रचित दृश्य' लिहावे.

लेखन आणि व्याकरण यांविषयीही थोडे सांगतो. 'माहितीपट' पुल्लिंगी आहे आणि त्याचे अनेकवचनही 'माहितीपट' असेच होते. 'डॉक्युमेंटरी' मात्र आपण स्त्रीलिंगी वापरतो, म्हणून 'तो माहितीपट' पण 'ती डॉक्युमेंटरी'. 'माहिती' हा तत्सम शब्द नसल्याने समासातही त्याचा शेवट दीर्घच राहतो, तर 'लघू' हा तत्सम शब्द स्वतंत्रपणे दीर्घ लिहिला तरी 'लघुपट' या समासात ऱ्हस्व होतो.

कार्यक्रमांबाबत एक गोंधळ नेहमी होतो. डेव्हिड अ‍ॅटनबरो यांच्या 'लाइफ ऑन अर्थ' (1979) या 13 भागांच्या निर्मितीला कोणी 'माहितीपर मालिका' म्हणतात, कोणी 'माहितीपट मालिका'. 'माहितीपर' हे विशेषण व्यापक आहे. प्रश्नमंजूषा, तज्ज्ञांशी गप्पा, आरोग्यविषयक सल्ला हे सगळेच माहितीपर असते. प्रत्यक्ष चित्रण, साक्षी आणि पुरावे यांच्या आधारे भागाभागाने उलगडत जाणाऱ्या कामाला 'माहितीपट मालिका' म्हणावे, आणि तिच्या एकेका खंडाला 'भाग' म्हणावे. 'एपिसोड'साठी तो शब्द पुरेसा आहे.