न्येरेरे: एका ओळीत निकाल नको

टांझानियाचे पहिले राष्ट्राध्यक्ष ज्युलियस न्येरेरे यांच्याबद्दल वर कुणीतरी ‘न्येरेरेंनी टांझानियाचं वाटोळं केलं’ असं म्हणून विषय संपवलाय. इतकं सोपं नाही हो ते. उजामाबद्दल, म्हणजे शेतकऱ्यांना एकत्र गावांत वसवून सामूहिक शेती करायच्या त्यांच्या समाजवादी धोरणाबद्दल, मात्र सहमत. १९६७ साली बोलणं लोकांनी स्वेच्छेनं यायचं, असं होतं. पुढे सत्तरच्या दशकात लाखो माणसं सक्तीनं नव्या गावांत हलवली, परत फिरू नयेत म्हणून कुठे कुठे घरंही जाळली. शेती कोलमडली. त्याचं समर्थन मी करणार नाही.

पण शंभराहून जास्त भाषांच्या देशाला स्वाहिलीनं बांधलं, ते कुणी? हा मूळचा शाळामास्तर, लोक ‘म्वालिमू’ म्हणजे गुरुजीच म्हणत. राष्ट्राध्यक्ष असताना शेक्सपिअरचं स्वाहिली भाषांतर करत बसायचा! ‘मर्चंट ऑफ व्हेनिस’चं नाव त्यानं ठेवलं ‘माबेपारी वा वेनिसी’. बेपारी म्हणजे आपला व्यापारीच, गुजराती दुकानदारांबरोबर तिकडे पोचलेला शब्द. गंमत अशी की स्वाहिलीत तोवर त्याचा अर्थ ‘भांडवलदार’ झाला होता, म्हणजे नावातच टोमणा.

आणि १९८५ मध्ये खुर्ची स्वतःहून सोडली. हां, पक्षाचं अध्यक्षपद १९९० पर्यंत धरून ठेवलं, तेही खरं.