हानफूला फॅन्सी ड्रेस म्हणणाऱ्यांसाठी

हांगझोऊकर
काल इथे एकाने चीनमधल्या शीतांग गावच्या हानफू (हान चिनी लोकांचा जुना पारंपरिक पोशाख) सप्ताहाचे फोटो टाकून खाली लिहिलं, "सरकारी पैशाने भरवलेला फॅन्सी ड्रेस. सण संपला की कपाटात." रात्रभर डोक्यातून जाईना, म्हणून वेगळा धागा काढतोय.

नऊ वर्षं हांगझोऊत राहतोय, शीतांगला दोनदा जाऊन आलोय. हा सप्ताह २०१३ साली गीतकार फांग वनशानच्या पुढाकाराने सुरू झाला. त्याच्याही दहा वर्षं आधी, २००३ च्या नोव्हेंबरात, वांग लतियान नावाचा वीज कामगार हानफू घालून झेंगझोऊच्या रस्त्यावरून चालला होता. कोणतं सरकार होतं त्याच्या पाठीशी? सत्ताधारी पक्षाच्या युवक संघटनेने, कम्युनिस्ट युथ लीगने, 'हुआफू (चिनी पोशाख) दिवस' सुरू केला तो २०१८ ला, चांद्र तिसऱ्या महिन्यातल्या तिसऱ्या दिवशी. तोवर पंधरा वर्षं मुख्यतः हौशी पोरापोरींनीच हे पदरमोड करून चालवलं.

मुळात हा पोशाख पिढ्यानपिढ्या सलग चालत आलाच नाही, हे लक्षात घ्या. १६४५ ला मांचूंच्या छिंग राजवटीने हान पुरुषांना डोकं भादरून वेणी ठेवायला लावली, मांचू पेहराव लादला. केस राखलेस तर डोकं जाईल, असा हुकूम होता. आज जो हानफू दिसतो तो थडग्यांतले कपडे, जुनी चित्रं, शानडोंगच्या संग्रहालयातले खोंग (कन्फ्यूशियसच्या) घराण्याचे, छिंगच्या आधीच्या मिंग काळातले झगे बघून पुन्हा बेतलेला आहे. असा कपडा एकटीने मेट्रोत घालायची हिंमत होत नाही. हजार जणींत होते. आमच्या अकाउंट्समधली मुलगी पहिल्यांदा शीतांगलाच घालून गेली. आता दर शुक्रवारी मामियान या चुण्यांच्या हानफू स्कर्टवर साधा स्वेटर घालून कामाला येते. ते कपाटात गेलेलं नाही.

रोखठोक
ती पोस्ट माझी होती, आणि मी ती मागे घेत नाही. गेल्या एप्रिलमध्ये लुओयांगला होतो, पिओनीच्या दिवसांत. जुन्या नगराच्या दारापाशी भाड्याच्या पोशाखांच्या दुकानांची रांग. मेकअप, खोटे केस, पोशाख, फोटोवाला, सगळं एकत्र मिळतं, आणि संध्याकाळी परत करायचं. आमच्या ग्रुपमधल्या मुलीला "तांग काळातला" म्हणून जो दिला त्याच्या पाठीला चेन होती! तुमची ती एक अकाउंट्सवाली, आणि इकडे ही अख्खी गल्ली.

दुसरं, 'हान' या शब्दाबद्दल तुम्ही चकार शब्द काढला नाहीत. देशात ५६ वांशिक गट आहेत. या चळवळीतले बरेच जण छीपाओला, म्हणजे मांचू पेहरावातून आलेल्या बायकांच्या झग्याला, परकी ठरवतात, मांचूंबद्दल जे बोलतात ते ऐकवत नाही. आणि तुमचा इतिहासही १६४५ च्या जखमेपासूनच सुरू होतो.

शिवणकाम_नाशिक
चेनचं निघालंच आहे तर बोलते. तीस वर्षं ब्लाउज शिवतेय. भाचीने शांघायहून तो मामियान आणला, तर मी आधी उलटा करून बघितला. बेत फार हुशार आहे. दोन वेगळे पन्हे एकाच कमरपट्टीवर, एकमेकांवर चढवलेले, पुढे-मागे सपाट आणि बाजूंना चुण्या. बांधायचा, त्यामुळे बाई जाड-बारीक झाली तरी बसतो. पण कापड? निव्वळ पॉलिएस्टर, नक्षी छापलेली, इस्त्री टेकवली तर आकसलं. नानजिंगला युनचिन हे रेशमी जरीचं कापड विणतात, एका मागावर दोन माणसं बसतात आणि दिवसाला पाच-सहा सेंटिमीटर कापड होतं. त्या विणकराला तुमच्या उत्सवातून काय मिळालं, ते सांगा.

केच्याओ_फेरी
ताई, मी इचलकरंजीचा, कापडाच्या कामाने वर्षातून तीनदा चीनमधल्या केच्याओच्या कापडबाजारात असतो. शंभर-दीडशे युआनचा स्कर्ट घेणारी पोरगी कॉलेजात शिकते. तिने युनचिन कुठून घ्यायचं? शानडोंगमधला त्साओ परगणा आधी नाटकाचे आणि फोटो स्टुडिओचे कपडे शिवायचा. आता मामियान शिवतो. शहरात कामाला गेलेली पोरं गावात परत येऊन कॉम्प्युटरवर नक्षी काढतात. पॉलिएस्टर म्हणून नाक मुरडायचं असेल तर त्या गावाकडे बघून मुरडा.

आणि ही शुद्धतेची खोड चीनमध्ये पण आहे. स्वस्त नक्कल घातली की पोरीला ऑनलाइन झोडपतात. 'हानफू पोलीस' असं नावच पडलंय त्यांना.

शिवणकाम_नाशिक
मी कुठल्याही पोरीला झोडपलेलं नाही, शब्द माझ्या तोंडी घालू नका. अगदी हीच भाषा येवल्याच्या पैठणीबद्दल ऐकलीय. "बाईला परवडायला नको का?" म्हणत यंत्रावरची साडी हातमागाची म्हणून विकली. माझ्या चुलत सासऱ्यांचा माग त्यात बंद पडला. स्वस्त विका, पण काय विकताय ते चिठ्ठीवर लिहा.

केच्याओ_फेरी
चिठ्ठीचं मान्य. तेवढंच मान्य. माझ्या वडिलांचे यंत्रमाग होते, त्यांनी कुणाला फसवलं नाही.

हांगझोऊकर
कापडावरून परत मुद्द्यावर येऊ या? रोखठोक, २०१० ला चेंगडूत जपानविरोधी मोर्चातल्या लोकांनी एका मुलीचा हानफू किमोनो समजून तिला उतरवायला लावला आणि जाळला. स्वतःचा कपडा ओळखता येत नव्हता! आज शाळकरी पोरगंही सांगेल की डावी बाजू उजवीवर येते, उलटं मृताला नेसवतात. ही ओळख उत्सवांनीच घडवली.

रोखठोक
आणि २०२२ ला सुझोऊत खरोखरचा किमोनो घातलेल्या मुलीला पोलिस घेऊन गेले. त्याच वर्षी बीजिंग ऑलिम्पिकच्या उद्घाटनात कोरियन वंशाच्या बाईच्या हानबोकवरून (कोरियन पारंपरिक पोशाख) चीन आणि दक्षिण कोरिया भांडले. कपड्यावरून निष्ठा मोजायची सवय गेली कुठे? पूर्वी ओळख न पटल्याने जाळलं, आता ओळखून पकडतात.

जुनी_विद्यार्थिनी
बीजिंगला भाषा शिकले तेव्हा आमच्या बाई मांचू होत्या. वर्गातल्या एका पोराने छीपाओला "आक्रमकांचा कपडा" म्हटलं. बाई काही बोलल्या नाहीत, पण पुढचे दोन तास त्यांचा आवाज बसल्यासारखा होता. हांगझोऊकर, ते मला अजून आठवतं. युथ लीगने 'हानफू' न म्हणता 'हुआफू' नाव घेतलं ते सगळ्या गटांना सामावण्यासाठी, हे रोखठोकनीही लिहायला हवं होतं.

हांगझोऊकर
त्या पोराचं समर्थन मी करणार नाही. असे लोक चळवळीत आहेत आणि मी त्यांच्याबद्दल लिहायचं टाळलं, हेही खरं. पण त्यांच्यामुळे माझ्या सहकारिणीचा शुक्रवार खोटा ठरत नाही.

रोखठोक
तिच्यापुरतं "कपाटात" हा शब्द मागे घेतो. लुओयांगच्या गल्लीसाठी नाही.

केच्याओ_फेरी
शिवणकाम ताई, पुढच्या महिन्यात जातोय. सुती किंवा रेशमी मामियान मिळाला तर आणू का?

शिवणकाम_नाशिक
आणा. पण घ्यायच्या आधी आतली शिलाई उलटी करून फोटो पाठवा, आणि कमरपट्टीची रुंदी मोजा.