धूर नाही, पण गायरान जातं

सौर प्रकल्प सरकारी, त्यात धूरही नाही, मग पर्यावरण परवानगीची कटकट कशाला, असा मुद्दा मांडला जातो. धुरापुरता तो मान्य. कुठल्या प्रकल्पांना आधी पर्यावरण परवानगी लागते ते ठरवणाऱ्या 14 सप्टेंबर 2006 च्या पर्यावरण आघात मूल्यांकन अधिसूचनेच्या यादीत सौर प्रकल्प नाहीतच, आणि 2016 मध्ये केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने त्यांना पांढऱ्या, म्हणजे जवळजवळ प्रदूषण न करणाऱ्या उद्योगांच्या गटात टाकलं. म्हणजे जनसुनावणीही नाही. मला खटकतं ते हे.

शेतीला दिवसा सौर वीज देण्याच्या मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी 2.0 योजनेत वीज उपकेंद्राच्या 5 ते 10 किलोमीटरच्या आत जागा लागते, आणि सरकारी जागा म्हटली की आमच्या बीडकडे गायरानच पुढे येतं. एका मेगावॅटला चार-पाच एकर धरा. कागदावर ती पडीक जमीन. प्रत्यक्षात तिथं भूमिहीनांच्या शेळ्या चरतात, काळवीट अन् लांडगे त्याच माळावर राहतात, पावसाळ्यात कुसळी गवत उभं राहतं. कुंपण पडलं की हे सगळं बंद. शेळी कुठं न्यायची, हे विचारायला एकही टेबल नसतं.

पाण्याचंही तसंच. पॅनल धुवायला पाणी लागतं आणि उन्हाळ्यात गावं टँकरवर. पाण्याअभावी परळीचं औष्णिक केंद्र 2015 मध्ये बंद ठेवावं लागलं होतं, ते आपण पाहिलंय.

दिवसा वीज मिळावी ही माझीही मागणी आहे, रात्री मोटार चालू करायला जाताना विंचूकाट्याची भीती काय असते ते मला ठाऊक आहे. म्हणून प्रकल्प अडवा असं म्हणत नाही. जागा ठरवण्याआधी ग्रामसभेत नकाशा लावा, चराईच्या वाटा आणि पाण्याची सोय त्यावर दाखवा, एवढं तरी बंधनकारक करा.