जुन्या फोनच्या कवचात स्वतःच्या ताब्यातला खुला बोर्ड बसवता येईल काय?

पऱ्हाटी-दारव्हा

नमस्कार मंडळी. मी यवतमाळ जिल्ह्यातील दारव्हा तालुक्यात शेती करतो आणि बाजाराच्या दिवशी एका मोबाईल दुरुस्तीच्या दुकानात बसतो, त्यामुळे फोल्डर (काच आणि पडद्याचा जोड) बदलणे, चार्जिंग जॅकला डाग देणे एवढी कामे मला जमतात. माझ्याकडे सहा वर्षे वापरलेला एक फोन आहे. त्याची काच शाबूत आहे, बॅटरी नुकतीच बदललेली आहे. परंतु कंपनीचे शेवटचे अपडेट परस्पर उतरल्यापासून तो धुऱ्यावर उभे राहून ई-पीक पाहणीचे छायाचित्र काढताना हमखास बंद पडतो. दुसरी प्रणाली टाकता यावी म्हणून बूटलोडर (फोन सुरू करणारी कुलूपबंद आज्ञावली) उघडून देण्यास कंपनीने नकार दिला आहे.

म्हणून असे डोक्यात आहे की आतला मदरबोर्ड काढून टाकावा आणि त्याच कवचात, त्याच पडद्यावर आणि बॅटरीवर रास्पबेरी पाय झिरो २ डब्ल्यू हा छोटा संगणक-बोर्ड चालवावा. माईक आणि मोडेम (मोबाईल नेटवर्कशी बोलणारा भाग) यांना स्वतंत्र खटके द्यावेत, जेणेकरून बंद म्हणजे खरोखर बंद राहील. पंपाच्या मोबाईल स्टार्टरमधून काढलेले सिम८००एल हे मोडेमचे सुटे मॉड्यूल माझ्याकडे पडून आहे. ते चालेल काय?

डागकाम

भाऊ, पहिली अडचण पडद्याची आहे. फोनचा पडदा एमआयपीआय डीएसआय या जोडणीवर चालतो, आणि तो सुरू होताना त्याला आज्ञांची एक ठरावीक मालिका द्यावी लागते, जी प्रत्येक पॅनेलची वेगळी असते आणि बहुधा कुठेही छापलेली सापडत नाही. त्यातून झिरो २ डब्ल्यूवर डीएसआयचे कनेक्टरच नाही. रास्पबेरी पायच्याच कम्प्युट मॉड्यूल ४ वर डीएसआयची जोडणी मिळते आणि त्याचा आकारही ५५ × ४० मिलिमीटर एवढाच आहे. पण त्याच्याखाली लागणारा बोर्ड तुम्हालाच आखून घ्यावा लागेल, आणि तुमच्या पडद्याच्या पट्टीला बसणारे बारीक कनेक्टर शोधण्यात एक हंगाम निघून जाईल.

सिम८००एल फक्त टू-जी आहे. जिओचे टू-जी जाळे नाही, म्हणजे जिओचे सिम त्यात निरुपयोगी आहे. शिवाय रेडिओ लहर सोडताना ते क्षणभर २ अँपिअरपर्यंत प्रवाह ओढते आणि त्याला ३.४ ते ४.४ व्होल्ट अखंड लागतात. वायर बारीक असली की विजेचा दाब खाली बसतो आणि मॉड्यूल पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. स्टार्टर उघडून पाहिला असेल तर तुम्हाला हे ठाऊक असेल: दिवा दर सेकंदाला लुकलुकत राहतो, नेटवर्क मिळाल्यानंतरचा तीन सेकंदांचा ठेका तो धरतच नाही.

आता ‘खुला’ या शब्दाबद्दल. रास्पबेरी पाय सुरू होताना चिप बनवणाऱ्या ब्रॉडकॉम कंपनीचे बंदिस्त फर्मवेअर (हार्डवेअर चालवणारी आज्ञावली) आधी चालते, लिनक्स ही खुली प्रणाली नंतर येते. या बाबतीत सर्वांत पुढे गेलेल्या फोनांपैकी लिनक्सवर चालणारा पाइनफोन एक आहे. त्यात मोडेम मुख्य प्रोसेसरपासून वेगळा, यूएसबीवर जोडलेला आहे आणि मागच्या झाकणाखाली सहा खटके आहेत. त्याच्या क्वेक्टेल ईजी२५-जी मोडेममधला लिनक्सचा भाग लोकांनी स्वतः लिहून बदलला, तरी प्रत्यक्ष रेडिओ चालवणारे फर्मवेअर बंदिस्तच राहिले. तेव्हा मोडेम खुला होण्याची वाट पाहू नये. तो परका आहे असे धरून त्याला दाराबाहेर बसवावे आणि त्याच्या विजेचा खटका आपल्या हाती ठेवावा. तुमची खटक्यांची कल्पना म्हणूनच मला बोर्डाच्या कल्पनेपेक्षा अधिक पटते.

वर्धेकाठ

डागकाम यांचे म्हणणे बरोबर आहे, पण मी कवच फोडण्याच्याच विरुद्ध आहे. स्नॅपड्रॅगन ४१० चिपचा जुना फोन, उदाहरणार्थ २०१५ चा रेडमी २, घ्यावा आणि त्यावर पोस्टमार्केटओएस ही फोनांसाठीची लिनक्स प्रणाली टाकावी. त्यावर मूळ लिनक्स कर्नल (प्रणालीचा गाभा) चालतो, मागचे झाकण नखाने निघते आणि बॅटरी काढून ठेवता येते. याहून खात्रीचा खटका कोणता? उणीव अशी की त्यात मोडेम आणि प्रोसेसर एकाच चिपमध्ये आहेत, त्यामुळे वर सांगितलेले ‘दाराबाहेर बसवणे’ तिथे शक्य नाही. आवाजी कॉलची खात्रीही धरू नका, कारण व्होल्टी (फोर-जी जाळ्यावरून आवाजी कॉलची सोय) नसेल तर जिओवर कॉल लागत नाही.

पऱ्हाटी-दारव्हा

आभारी आहे. मोडेम बाहेर ठेवायचा असेल तर फोर-जीचे सुटे मॉड्यूल घेऊन, टीपी४०५६ चिपचा निळा चार्जिंग बोर्ड लावून, सगळे एका डब्यात बसवले तर?

रोहित्र

चालेल, पण मॉड्यूल बँड (फोर-जीचे लहरपट्टे) ३, ५ आणि ४० पकडणारे घ्या, म्हणजे जिओ मिळेल. चार्जिंगबाबत मात्र सावध राहा. लिथियम बॅटरी साधारण ४५ अंशांच्या वर चार्ज करू नये, आणि आपल्याकडे मे महिन्यात सावलीतली हवाच तिथवर पोहोचते. स्वस्त टीपी४०५६ बोर्डवर तापमान मोजणारी पिन थेट ग्राउंडला जोडलेली असते, म्हणजे बॅटरी कितीही तापली तरी तो चार्जिंग थांबवत नाही. ती पिन मोकळी करून बॅटरीच्या पट्टीवरील तापमानाचा पॉइंट योग्य रोधांसह तिला जोडावा, नाहीतर डबा टिनाच्या खोलीत चार्जिंगला लावूच नये.

मॉड्यूलचा आयएमईआय (उपकरणाचा ओळख क्रमांक) आहे तसाच राहू द्या. जुन्या फोनचा क्रमांक त्यात उतरवण्याचा मोह काही जणांना होतो. २०२३ च्या दूरसंचार कायद्यानुसार त्यासाठी तीन वर्षांपर्यंत कैद किंवा ५० लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. आणि ई-पीक पाहणी व यूपीआयचे ॲप यांसाठी एक साधा अँड्रॉइड फोन घरात ठेवावाच लागेल. पैशांपुरते म्हणाल तर २०२२ मध्ये आलेले यूपीआय १२३पे साध्या फोनवरूनही चालते.

पऱ्हाटी-दारव्हा

मग कवच फोडत नाही. सिम८००एल स्टार्टरमध्ये परत बसवतो, आणि ई-पीक पाहणीसाठी भावाचा फोन घेऊन वावरात जाईन. यवतमाळ किंवा कारंजा भागात कोणाकडे रेडमी २ पडून असेल तर कळवावे. पडदा फुटलेला असला तरी चालेल, फोल्डर मी बदलून घेईन.