शब्दचर्चा : उंचीवर वैमानिक 'गुदमरतो' का?

मुरारवाली

इथल्या मराठी मंडळाच्या विज्ञान प्रदर्शनासाठी आठवी ते दहावीच्या मुलांकरता एक छोटी पुस्तिका लिहिते आहे. विषय आहे विमान चालवणाऱ्याच्या शरीराच्या मर्यादा. ग्वाल्हेरच्या मुलांना हा विषय परका नाही. महाराजपुऱ्याच्या हवाई तळावरून मिराज हे लढाऊ विमान उडालं की मुरारमध्ये खिडक्यांची तावदानं थरथरतात, पोरं गच्चीवर धावतात आणि खाली येऊन विचारतात, आत बसलेल्या माणसाला काय होत असेल?

अडलंय ते एका वाक्यावर. 'उंचीवर प्राणवायू कमी पडला की वैमानिक गुदमरतो.' मसुदा दोघांना वाचायला दिला. एका निवृत्त शिक्षिकाबाईंनी त्यावर बरोबरची खूण केली. दुसऱ्यांनी लाल पेनाने 'गुदमरतो' खोडून शेजारी लिहिलं, 'गुदमरला असता तर वाचला असता.' हायपॉक्सिया (शरीराला प्राणवायू कमी पडणे) हा शब्द पुस्तिकेत येणारच आहे, पण मुलांना एक साधं क्रियापद हवं. तुम्ही काय म्हणाल?

दौलतगंज

ते लाल पेन माझं. मी हवाई दलात सेफ्टी इक्विपमेंटला होतो, मास्क आणि पॅराशूट तपासण्यात नोकरी गेली. प्रशिक्षणात आम्हाला कमी दाबाच्या कोठीत बसवलं होतं. आतला दाब २५,००० फुटांवर असतो तितका खाली आणतात आणि आळीपाळीने मास्क काढायला लावतात. मांडीवर कागद, हातात पेन्सिल, शंभरातून सात-सात वजा करत जायचं. माझ्यासमोर बसलेल्या सोबत्याने ९३, ८६, ७९ असं सुरेख अक्षरात लिहिलं. मग ७२ दोनदा लिहिलं. मग आकडे मोठे मोठे होत ओळ सोडून तिरके गेले आणि शेवटी नुसत्या रेघा. नखं जांभळी झाली होती, आणि चेहऱ्यावर हसू. मला अंगठा दाखवून सांगत होता, सगळं ठीक आहे. मास्क लावला, चार श्वासांत माणूस ताळ्यावर. कागद दाखवला तर म्हणाला, हे माझं अक्षर नाही.

त्या उंचीवर मास्कशिवाय शुद्धीत राहून काम करायला ३ ते ५ मिनिटं मिळतात. ३५,००० फुटांवर अर्धं ते एक मिनिट. त्या वेळात माणसाने मास्क ओढायचा असतो, आणि त्याला वाटत असतं की आपण मजेत आहोत. 'गुदमरतो' लिहिलं तर मुलं समजतील की त्याला कळतं. त्याला कळत नाही, मुख्य गोष्ट हीच आहे.

भूलशास्त्र

काकांशी सहमत. गुदमरल्याची भावना येते ती मुख्यतः रक्तात कार्बन डायऑक्साइड साठल्यामुळे. उंचीवर तो उच्छ्वासातून बाहेर जातच असतो. हवेत ऑक्सिजनचं प्रमाण तिथेही २१ टक्केच असतं, पण १८,००० फुटांवर हवेचा दाब निम्मा होतो, म्हणून तो फुप्फुसातून रक्तात पुरेसा जात नाही. छातीत काही अडल्यासारखं वाटत नाही, जीव घाबरा होत नाही.

१८७५ च्या एप्रिलमध्ये फ्रान्समध्ये 'झेनिथ' नावाच्या बलूनमधून तिघे जण वर गेले होते. ऑक्सिजनच्या पिशव्या बरोबर होत्या. पण गरज पडली तेव्हा हात उचलेना. दोघे वरच मरण पावले. तिसरा, तिसांदिए, वाचला आणि त्याने लिहून ठेवलं की त्रास काहीच वाटला नाही, उलट आतून आनंद वाटत होता.

माझं मत 'भूल' या शब्दाला. आम्ही रोज तीच देतो म्हणून नव्हे, तर भूल पडलेल्याला भूल पडल्याचं कळत नाही म्हणून. 'प्राणवायू कमी पडला की वैमानिकाला भूल पडते.'

मुरारवाली

शब्द फार आवडला, पण आमच्याकडे पंचाईत आहे. इथली मुलं घरात मराठी बोलतात, शाळेत हिंदी. त्यांच्या कानाला भूल म्हणजे चूक. 'वैमानिकाला भूल पडली' हे कदाचित चालून जाईल, पण पुढच्या ओळीत 'ही भूल कशामुळे?' असं आलं की ती वाचणार, ही चूक कोणाची? ज्याचा काहीही दोष नाही त्या माणसावर आपण दोष ठेवू. माझ्या भाचीला वाचून दाखवलं तर तिने पहिल्यांदा हेच विचारलं, "आत्या, मग त्याला शिक्षा झाली का?"

तत्सम

हिंदीत एखाद्या शब्दाचा अर्थ निराळा आहे म्हणून मराठीने आपला शब्द टाकावा, हे मला पटत नाही. असं करत गेलो तर 'शिक्षा' हा शब्दही टाकावा लागेल. बृहन्महाराष्ट्रातली मराठी टिकायची असेल तर तिथल्या मुलांना मराठी अर्थ शिकवले पाहिजेत. मात्र शास्त्रीय पुस्तिकेत भूल, गुंगी असले बोली शब्द नकोत. 'प्राणवायुन्यूनता' हा नेमका शब्द आहे. शिवाजीमहाराजांनी कारभारातल्या फारसी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द देणारा राज्यव्यवहारकोश करवून घेतला तो याच दृष्टीने. क्रियापदाचा हट्ट कशाला?

रानवाट

चूकभूल देणेघेणे हे तर जुन्या मराठी दुकानदारांच्या पावतीवरच असायचं. म्हणजे चूक हा अर्थ मराठीतही आहे, हिंदीने दिलेला नाही. मुरारवालीताईंची अडचण खरी आहे. 'गुंगी' का नको? किंवा 'कैफ'?

तत्सम

कैफ अरबीतून आलेला आहे.

रानवाट

वैमानिकाला हसू फुटतं, तो स्वतःवर खूश असतो, ही अवस्था कैफ शब्दात जशी येते तशी न्यूनतेत येत नाही. शब्द कुठून आला ते नंतर बघू.

दौलतगंज

तत्समराव, धोक्याचा शब्द एका दमात तोंडातून निघाला पाहिजे. १४ ऑगस्ट २००५ ला सायप्रसहून अथेन्सकडे निघालेलं हेलिओस कंपनीचं विमान घ्या. केबिनमधला दाब राखणारं बटण 'मॅन्युअल'वर राहिलं होतं. विमान वर चढत गेलं आणि धोक्याचा भोंगा वाजला. तसाच भोंगा जमिनीवर उड्डाणाची तयारी अपुरी असली तरी वाजतो, वैमानिकांना वाटलं तोच आहे. ते त्यावर बोलत राहिले आणि बोलता बोलताच शुद्ध गेली. विमान आपोआप अथेन्सपर्यंत जाऊन घिरट्या घालत राहिलं आणि इंधन संपल्यावर पडलं. १२१ माणसं गेली. पहिला नियम एवढाच, शंका आली की आधी मास्क, मग विचार. मुलांना हे कळेल असा शब्द द्या.

सेसना

मी इंदूरची, फ्लाइंग शिकते आहे. आमच्या अभ्यासात ह्यूमन परफॉर्मन्सचा वेगळा पेपर असतो, सगळा इंग्रजीत. घरी आईला समजावताना मी 'गुंगी' म्हणते.

पण मला दुसरंच विचारायचं आहे. उतरताना कान बंद होतात त्याला माझी आई 'कानठळ्या बसल्या' म्हणते. बरोबर आहे का?

रानवाट

नाही. कानठळ्या बसतात त्या मोठ्या आवाजाने. तोफेने, फटाक्याने. कान गच्च होतात त्याला 'दडे बसणे'. दडा म्हणजे बोळा, बूच, असं माझ्या आजोबांचं म्हणणं.

भूलशास्त्र

दडेच. आणि उतरतानाच का, तेही लिहा पुस्तिकेत. घसा आणि मधला कान यांना जोडणारी एक नळी असते. चढताना कानातली हवा तिच्यातून सहज बाहेर पडते. उतरताना बाहेरचा दाब वाढतो आणि नळीचं घशाकडचं तोंड पडद्यासारखं मिटतं, हवा आत जात नाही. गिळलं, जांभई दिली, की ते उघडतं. सर्दीत सुजलेलं असलं तर उघडतच नाही. म्हणून सर्दी झालेल्या वैमानिकाने उडू नये.

सेसना

आईला सांगते. तिला पटणार नाही, तिच्या माहेरी सगळे कानठळ्याच म्हणतात.

ढगात पहिल्यांदा नेलं तेव्हाचं सांगते. सरांनी माझ्या डोळ्यांवर बाहेरचं दिसू न देणारी टोपी चढवली आणि विमान हळूच डावीकडे कलतं ठेवलं. थोड्या वेळाने मला वाटायला लागलं की आपण सरळ आहोत. मग त्यांनी खरंच सरळ केलं, तर माझं अंग उजवीकडे कलल्यासारखं झालं आणि हात आपोआप डावीकडे दाबायला लागला. समोरचं यंत्र सांगत होतं सरळ, अंग शपथेवर सांगत होतं तिरकं. याला मराठीत काय म्हणतात?

रानवाट

चकवा! आमच्या कोकणात रात्री पायवाटेने येणाऱ्याला चकवा लागतो. रोजची वाट, पण माणूस त्याच त्या जागी फिरत राहतो, आणि आपण चुकतोय असं त्याला वाटत नाही.

तत्सम

दिग्भ्रम. चकव्यात भुताचा अर्थ आहे, विज्ञानाच्या पुस्तिकेत भूत घालणार का?

रानवाट

भूत गेलं, शब्द राहिला. कानात तीन अर्धवर्तुळाकार नळ्या, त्यांत द्रव. वळण सुरू झालं की द्रव मागे राहतो आणि वळल्याचं कळतं. वळण तसंच चालू राहिलं की दहा-वीस सेकंदांत द्रव नळीच्या वेगाने फिरू लागतो आणि मेंदूला वाटतं, थांबलो. दिग्भ्रमात दिशा चुकते. इथे खालचं-वरचं चुकतं.

१ जानेवारी १९७८ ची रात्र आठवा. एअर इंडियाचं 'सम्राट अशोक' सांताक्रूझहून दुबईला निघालं, समुद्रावर आलं. खाली काळं पाणी, वर काळं आभाळ, क्षितिज नाही. कॅप्टनसमोरचं कल दाखवणारं यंत्र बिघडून विमान उजवीकडे कललंय असं दाखवत राहिलं, त्याने डावीकडे दाबलं. दोन मिनिटांच्या आत बांद्र्यासमोर समुद्रात. २१३ माणसं. माझे वडील तेव्हा वांद्र्याला राहत, सकाळी किनाऱ्यावर जमलेली गर्दी त्यांनी पाहिली होती. ते आयुष्यभर 'त्या विमानाला चकवा लागला' असंच म्हणाले.

तत्सम

यावर मी वाद घालत नाही. पण छापताना 'दिग्भ्रम, म्हणजेच चकवा' असं तरी लिहा.

झोपेचंही असंच आहे. २२ मे २०१० चा मंगळूरचा अपघात, १५८ मृत्यू. उड्डाणात कॅप्टन दीड तासाहून अधिक झोपले होते आणि जागे झाल्यावर उतरवताना निर्णयात जडपणा राहिला, असं चौकशीत आलं. त्या अवस्थेला मी 'निद्राजडत्व' सुचवतो.

मुरारवाली

आमच्याकडे 'झोपेचा अंमल' म्हणतात. डोळे उघडले तरी अंमल उतरलेला नसतो. तोच घेते. आता मिराजच्या पानावर येऊ का? 'जी'मुळे, म्हणजे वेगात वळताना अंगावर येणाऱ्या जादा भारामुळे, डोळ्यांपुढे काळोख होतो, त्याला मी 'बेशुद्ध पडणे' लिहिलंय.

दौलतगंज

नको, नको. दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मिराज ९ जीपर्यंत वळतं. ७० किलोचा माणूस तेव्हा ६३० किलोचा होतो, आणि रक्त पायांकडे ओढलं जातं. आधी रंग फिके पडतात, मग नजर कडेने आक्रसत नळीतून पाहिल्यासारखी होते, मग काळोख. पण माणूस शुद्धीत असतो, रेडिओवर ऐकू शकतो. डोळ्याच्या आत स्वतःचा दाब असतो, म्हणून मेंदूच्या आधी डोळ्याचं रक्त तुटतं. याला मराठीत तयार शब्द आहे, अंधारी. उन्हातून आल्यावर आजीला येते तीच. त्यानंतरही जोर सुटला नाही तर शुद्ध जाते, आणि मग साधारण अर्धा मिनिट विमानाला वाली नाही. इंग्रजीत ब्लॅकआउट म्हटलं की लोक दोन्ही एकच समजतात. मराठीत समजणार नाहीत, जर तू 'अंधारी' लिहिलंस तर.

मुरारवाली

अंधारी नक्की. आणि त्याविरुद्ध वैमानिक जे करतात ते? जी-सूट पोटऱ्या, मांड्या आणि पोट आवळतो ते लिहिलंय. पण ते स्वतः जो जोर लावतात, त्याला 'स्नायू ताणणे' लिहू?

दौलतगंज

कुंथणे.

तत्सम

मुलांच्या पुस्तिकेत? कृपा करून नको. त्या शब्दाने मुलांना दुसरंच काही आठवेल.

दौलतगंज

आठवू दे. जे आठवेल तेच करायचं असतं. मांड्या, पोटऱ्या, पोट घट्ट करून, दम आत धरून खाली जोर. 'स्नायू ताणणे' वाचून पोरगं हात लांब करून आळस देईल. मी तरुण वैमानिकांना सेंट्रिफ्यूजवरून, म्हणजे सरावासाठी गरगर फिरवून जी देणाऱ्या यंत्रावरून, उतरताना पाहिलंय, घामाने निथळत, मानेच्या शिरा फुगलेल्या. त्यांना हिंदी-इंग्रजीत जे शिकवतात ते मराठीत एका शब्दात आहे, आणि आपण त्याला लाजतो.

तत्सम

लाजण्याचा प्रश्न नाही, औचित्याचा आहे. 'उदरपीडन' लिहा, आणि खुलासा करा.

सेसना

उदरपीडन वाचून मला वाटलं पोट दुखतंय.

भूलशास्त्र

बाळंतपणातही डॉक्टर 'कुंथा' म्हणतात, भर वॉर्डात, सगळ्यांसमोर. शब्दात अश्लील काही नाही. पण मुरारवालीताई, भूल की गुंगी ते राहिलंच.

मुरारवाली

ते अजून ठरत नाहीये. आज 'गुंगी' लिहून बघितलं तर झोप आल्यासारखं वाटतं, आणि त्या माणसाला झोप आलेली नसते, तो कामातच असतो. 'कैफ' मुलांना माहीत नाही. बघते. कुंथणे मात्र ठेवतेय, मंडळात कोणी हरकत घेतली तर काकांना पुढे करेन.

दौलतगंज

मी येतो मंडळात. फक्त एक वाक्य जोड. दम धरून नुसतं कुंथत राहायचं नाही. दर तीन सेकंदांनी पटकन श्वास सोडून घ्यायचा आणि पुन्हा धरायचा. नाहीतर छातीतला दाब वाढून हृदयाकडे परतणारं रक्तच अडतं, आणि जी टाळायची ती अंधारी लवकर येते. पोरं गच्चीवर जाऊन करून बघणार, त्यांना सांग जास्त वेळ करू नका.